‘निकाल लागू दे, मग बघू’: पैसे अडकवणारा क्लायंट काम घेण्याआधीच कसा ओळखायचा?

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्याआधीचा महिनाभर माझ्या ओळखीतला एकही व्हिडिओ एडिटर रिकामा नव्हता. प्रत्येक उमेदवाराला रोज नवं रील हवं होतं, ड्रोनचे शॉट हवे होते, मागे ढोल-ताशा हवा होता. पुण्यातल्या माझ्या एका मित्राने तीन उमेदवारांचं काम घेतलं होतं. रात्री दोनला ‘दादांचा फोटो जरा मोठा कर’ असा मेसेज यायचा आणि सकाळी सातला रील पोस्ट झालेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. तिघांपैकी एक निवडून आला, दोघे पडले. तुम्हाला वाटेल, पडलेल्यांनी पैसे बुडवले असतील. झालं उलटंच. पडलेल्यांपैकी एकाने आठवड्याभरात सगळे पैसे चुकते केले, दुसऱ्याने दोन हप्त्यांत दिले. निवडून आलेल्या साहेबांकडचे ३८ हजार रुपये मात्र हा लेख लिहीपर्यंत आलेले नाहीत.

मित्राला मी विचारलं, की या तिघांचं काम तुझ्याकडे आलं कसं? ज्याने सगळे पैसे दिले, त्याने मित्राला घरी बोलावलं होतं. किती रील्स, किती दिवस, किती रुपये हे वहीत लिहून घेतलं आणि निम्मे पैसे त्याच्या बायकोने तिथेच बसून गूगल पे केले. निवडून आलेल्या साहेबांना मित्र एकदाही भेटलेला नाही. काम एका कार्यकर्त्याने फोनवर दिलं. रेट सांगितल्यावर तो म्हणाला, “तू आपलाच माणूस आहेस रे.” ॲडव्हान्स मागितल्यावर म्हणाला, “निकाल लागू दे, मग बघू.”

म्हणजे पैसे मिळणार की नाही, हे निकालाने ठरलं नव्हतं. ते डिसेंबरमधल्या त्या फोन कॉलवरच दिसत होतं.

पण आता नवे कामगार कायदे आलेत ना?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘गिग वर्कर्सना कायद्याचं संरक्षण’ अशा पोस्ट सगळीकडे फिरल्या. त्यातली एक मलाही तीन जणांनी पाठवली होती. बातमी खोटी नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग वर्करची व्याख्या आहे आणि ती बरीच मोकळी आहे: मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा. यात फ्रीलान्स डिझायनरही बसू शकतो.

घोडं अडतं ते पुढे. या संहितेतून मिळणार आहे ती विमा, आरोग्य, म्हातारपणाची तरतूद अशी सामाजिक सुरक्षा. त्यासाठी पैसे भरायचे आहेत ते ॲग्रिगेटरनी, म्हणजे टॅक्सी, डिलिव्हरी, ऑनलाइन सेवा देणाऱ्या प्लॅटफॉर्म कंपन्यांनी, वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के. तुमच्या इन्स्टाग्रामच्या इनबॉक्समध्ये थेट आलेला कॅफेवाला ॲग्रिगेटर नाही. त्याने तुमचं बिल थकवलं तर ही संहिता ते वसूल करून देत नाही.

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. तेव्हा हा प्रश्न चार एडिटर्सचा राहिलेला नाही. पण तूर्तास तरी पहिली चाळणी आपल्यालाच लावावी लागणार आहे.

पहिल्या कॉलवर काय ऐकायचं?

काही वाक्यं तुम्हीही ऐकली असतील. ‘छोटंसं काम आहे, दहा मिनिटांचं.’ ‘आत्ता बजेट नाही, पण पुढे खूप काम आहे.’ ‘माझा भाचापण करतो हे, त्याला वेळ नाही म्हणून तुला सांगतोय.’ गेल्या वर्षभरात यात एकाची भर पडलीये: ‘एआयने पाच मिनिटांत होतं की हे.’ (होत असेल तर करून घ्या ना!)

ही वाक्यं ऐकून चीड येते, पण चीड येणं हा पुरावा नव्हे. घासाघीस करणारे कितीतरी क्लायंट पैसे अगदी वेळेवर देतात. आपल्याकडे भाव करणं हा स्वभाव आहे, तो भाजीवाल्याशीही होतो आणि आपल्याशीही. गोड बोलणारे, रेट एका दमात मान्य करणारे काही जण मात्र शेवटी गायब होतात. ज्याला द्यायचेच नाहीत, तो घासाघीस कशाला करेल?

त्यामुळे मी आता बोलण्याच्या गोडव्याकडे किंवा कडूपणाकडे फारसं लक्ष देत नाही. मी पहिला प्रश्न विचारते तो हा: बिल कोणाच्या नावाने काढू?

साधा प्रश्न आहे, पण याने निम्मं चित्र स्पष्ट होतं. समोरचा लगेच कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक पाठवतो किंवा ‘माझ्याच नावाने काढ’ म्हणतो, तेव्हा ठीक आहे. ‘बिल वगैरे नको, आपण बघू’ असं उत्तर आलं तर एकतर त्याला हा खर्च कुठे दाखवायचा नसतो किंवा पैसे देणारा तो नसतोच. निवडणुकीच्या कामात हे विशेष दिसतं, कारण उमेदवाराला खर्चाचा हिशोब निवडणूक यंत्रणेला द्यावा लागतो आणि खर्चाला मर्यादा असते.

काम सांगणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची खूण आहे. कार्यकर्ता, एजन्सीतला ज्युनिअर, लग्नाच्या शूटमध्ये मुलीचा मामा, सोसायटीच्या गणपतीत सेक्रेटरीचा मुलगा. ही माणसं फसवी असतात असं नाही. बरेचदा त्यांनाच माहीत नसतं की वरून पैसे येणार आहेत का. पण तुमचं काम आवडलं की नाही हे ठरवणारा तिसराच कोणी असतो, तो शेवटच्या दिवशी उगवतो आणि म्हणतो, “हे असं नव्हतं सांगितलं.” मग बदलांची रांग लागते आणि पैशांचा विषय मागे पडतो. म्हणून दुसरा प्रश्न: फायनल कोण करणार, आणि त्यांच्याशी एकदा पाच मिनिटं बोलता येईल का?

आणखी एक खूण: लिहायचं टाळणारा माणूस

काही क्लायंट फक्त कॉलवर बोलतात. मेसेज केला की ‘फोन कर’ असं उत्तर येतं. काहींनी व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग चालू ठेवलेली असते. याला खासगीपणाची आवड असं नाव देता येईल, पण कामाच्या बोलण्यात ते मला पटत नाही.

तोंडी करारही आपल्याकडे करारच असतो. अडचण तो सिद्ध करण्याची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून चालतात, त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणजे तुमचे चॅट आणि ईमेल कामाचे आहेत. ते पुसू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ चॅट जपा.

आणि कॉल झालाच, तर फोन ठेवल्या ठेवल्या एक मेसेज टाका: ‘सर, आत्ता बोललो त्याप्रमाणे ८ रील्स, प्रत्येकात दोनदा बदल, एकूण २४ हजार, निम्मे आधी, उरलेले शेवटची फाइल देण्याआधी. बरोबर ना?’ समोरून ‘हो’ किंवा नुसता अंगठा आला तरी तुमच्याकडे काहीतरी आलं. या मेसेजवर जो चिडतो (‘विश्वास नाही का तुझा?’), त्याने तुमचं काम सोपं केलं असं समजा.

यातला बदलांचा आकडा आवर्जून लिहा. पैसे बुडवणाऱ्यांपेक्षा काम संपूच न देणारे क्लायंट जास्त भेटतात. नववा बदल करून दिल्यावर तुमचा तासाचा दर काढून बघा, पोटात गोळा येतो.

‘सॅम्पल’ किती द्यायचं?

इथे माझाच किस्सा सांगते. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला असताना एका डिजिटल चॅनलने माझ्याकडून तीन ‘सॅम्पल स्क्रिप्ट’ मागितल्या होत्या. मी रात्र जागून लिहून दिल्या. ‘कळवतो’ म्हणाले. दीड महिन्याने त्यातली एक स्क्रिप्ट, दोन वाक्यं सोडून जशीच्या तशी, त्यांच्या व्हिडिओत ऐकली. मी काय केलं? काहीच नाही. तेव्हा मला माहीतच नव्हतं की त्या स्क्रिप्टची मालक मी आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेख, स्क्रिप्ट, भाषांतर असं लिखाण नोकरीत नसलेल्या माणसाने केलं असेल तर पहिली मालकी लिहिणाऱ्याची असते. ती दुसऱ्याला द्यायची तर लेखी हवी. लेखी दिली, पण मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. फोटो, चित्र आणि फिल्म यांच्यासाठी मात्र नियम वेगळा आहे. पैसे देऊन करवून घेतलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिली मालकी करवून घेणाऱ्याची. त्यामुळे फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांनी ‘पूर्ण पैसे मिळाल्यावरच मालकी हक्क तुमच्याकडे’ हे एक वाक्य आधीच लिहून घ्यावं.

भाषांतर करणाऱ्यांची जुनी तक्रार अशी की सॅम्पलच्या नावाखाली वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी पानं वाटली जातात आणि काम फुकटात उरकतं. सॅम्पल म्हणून आधी केलेलं काम दाखवा. नवं हवंच असेल तर अर्धं पान, किंवा कमी दरात, पण पैसे घेऊन.

दहा मिनिटांत काय तपासता येतं?

आपण रिक्षात बसण्याआधी नंबर बघतो आणि महिनाभराचं काम न बघता घेतो. जीएसटीच्या वेबसाइटवर लॉगिन न करता कुठलाही जीएसटी क्रमांक टाकून बघता येतो. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झालीये, हे सगळं दिसतं. कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची मूलभूत माहिती असते. क्लायंटच्या इन्स्टाग्रामवर जुन्या पोस्टमध्ये ज्या फोटोग्राफरला किंवा एडिटरला टॅग केलंय, त्याला सरळ मेसेज करा: ‘यांच्याकडून पैसे वेळेवर आले का?’ माझा अनुभव असा की पाचातले चार जण उत्तर देतात, आणि पैसे अडकले असतील तर जरा जास्तच लांब उत्तर देतात.

एका प्रकाराला मात्र तपासण्यात वेळही घालवू नका. काम देण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारा क्लायंट नसतो. डेटा एंट्रीच्या नावाने हे सर्रास चालतं. आधी ‘नोंदणी फी’ घेतात, मग काम दिल्यावर ‘चुका जास्त आहेत, करार मोडला’ म्हणून वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस पाठवतात आणि दंड मागतात. घाबरून पैसे भरू नका. १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा.

‘नाही’ म्हणणं एवढं सोपं आहे का?

नाही. इंटरनेटवरचे सगळे सल्ले इथे येऊन ‘अशा क्लायंटला नकार द्या’ म्हणतात आणि मोकळे होतात. महिन्याच्या २८ तारखेला, रूमचं भाडं द्यायचं असताना आलेलं काम कोण नाकारतं? माझ्या मित्रालाही त्या कार्यकर्त्याचं बोलणं खटकलं होतंच. त्याने काम घेतलं कारण हंगाम होता.

अशा वेळी काम नाकारण्यापेक्षा काम लहान करणं जमू शकतं. तीस रील्सऐवजी आधी तीन घ्या. त्या तिघांचे पैसे आल्यावर पुढच्या तीन. पैसे येईपर्यंत फाइल वॉटरमार्कसह आणि कमी रिझोल्यूशनमध्ये द्या. एडिटची मूळ प्रोजेक्ट फाइल, लोगोची ओपन फाइल शेवटपर्यंत हातात ठेवा. मित्राचे ३८ हजार बुडाले, कारण त्याने एका महिन्याचं काम उधारीवर नेलं. तीन-तीनच्या हिशोबाने गेला असता तर फार तर चार हजार अडकले असते.

दुसरी अडचण आपल्या स्वभावाची आहे. ‘भीड भिकेची बहीण’ असं आजी म्हणायची ते उगाच नाही. ओळखीतून आलेल्या कामात पैसे मागायला आपली जीभ रेटत नाही. काकांच्या मित्राचं हॉटेल असतं, कॉलेजमधल्या सरांचं पुस्तक असतं. किराणा दुकानदार यातून ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावून सुटतो. ती पाटी सगळ्यांसाठी असते म्हणून कोणाला राग येत नाही. तशीच एक पाटी आपल्यालाही करता येते. रेट, ॲडव्हान्स, बदलांची संख्या यांची एक प्रतिमा करून ठेवा आणि काम विचारणाऱ्या प्रत्येकाला, काकांच्या मित्रालाही, तीच पाठवा. मग तो तुमचा हट्ट वाटत नाही, पद्धत वाटते.

आणि हो, प्रत्येक उशीर म्हणजे फसवणूक नसते. छोट्या एजन्सीचे पैसे तिच्या क्लायंटकडे अडकलेले असतात. कधी चूक आपलीही असते. ठरलेल्या तारखेला काम न देता दोन दिवस फोन बंद ठेवणारे फ्रीलान्सर मी पाहिलेत. ‘अडचण आहे, २० तारखेला देतो’ असं स्वतःहून सांगणारा आणि फोनच न उचलणारा, यांना एका मापात मोजू नका.

अडकलेच पैसे, तर कायद्यात काय आहे?

बऱ्याच फ्रीलान्सर्सना ठाऊक नसलेली एक वाट आहे: उद्यम नोंदणी. ही सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे मोफत होते (पैसे मागणाऱ्या वेबसाइट खासगी असतात) आणि सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद करू शकते.

ही नोंदणी असेल तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जाते. कौन्सिलचा निर्णय कोर्टात आव्हान द्यायचा तर क्लायंटला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

याहून जास्त चालणारी गोष्ट कराची आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत क्लायंटला तो खर्च करातून वजा करता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापा. फोन न उचलणारा मालक मार्चमध्ये सीएचा फोन आला की उचलतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निकालात करारानंतर केलेल्या नोंदणीने मागच्या व्यवहाराला हे फायदे मिळत नाहीत, असं म्हटलं आहे. मुद्दा नंतर मोठ्या पीठाकडे गेला, पण त्या आशेवर राहू नका. आणि कौन्सिलचा निर्णय ९० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो, पण कागदावरची मुदत आणि प्रत्यक्षातली यात फरक पडू शकतो.

या बाबतीत न्यूयॉर्कचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे ‘फ्रीलान्स इज नॉट फ्री’ नावाचा कायदा आहे, शहरात २०१७ पासून आणि संपूर्ण राज्यात ऑगस्ट २०२४ पासून. ८०० डॉलर किंवा त्याहून जास्त कामासाठी लेखी करार बंधनकारक, आणि तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे. तिथे करार देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे. आपल्याकडे आधी नोंदणी करायची, मग लिहून घ्यायचं, मग मागे लागायचं, हे सगळं काम करणाऱ्यानेच करायचं.

मित्राने फेब्रुवारीत उद्यम नोंदणी करून घेतली. जुन्या ३८ हजारांसाठी ती कितपत उपयोगी पडेल याची शंकाच आहे, म्हणून एका वकिलाकडून साधी नोटीस पाठवायची तयारी चाललीये. तेवढ्यात गेल्या आठवड्यात त्याच कार्यकर्त्याचा फोन आला. साहेबांचा वाढदिवस आहे, दोन रील्स हव्यात. मित्राने रेटची प्रतिमा आणि जुनं बिल एकत्रच पाठवलं.

निळ्या टिक आल्यात. उत्तर नाही.